टाके

१९५० च्या दशकात मॉन्ट्रिअल कॅनेडियन्स हा संघ सामन्यांसाठी आगगाडीनं हिंडायचा. बाकीचे खेळाडू पत्ते कुटत बसायचे, पण एक उंच, हडकुळा माणूस मांडीवर लोकरीचा गुंडा घेऊन निवांत विणत असायचा. कधी टोपी, कधी मोजे, कधी अंगातला बनियन. बाजारातले बनियन आपल्याला टोचतात म्हणून आपले आपणच विणलेले बरे, असा त्याचा साधा हिशेब होता. बर्फावर एकमेकांना फळ्यांवर आपटणाऱ्या, दात पडले तर थुंकून पुढे जाणाऱ्या त्या पुरुषांना हे दृश्य कसं वाटत असेल याची कल्पना करावी. ते हसायचे, तो विणत राहायचा.

हा झाक प्लांत. आइस हॉकीच्या इतिहासातल्या अव्वल गोलकीपरांपैकी एक. त्याच्या आयुष्यात टाके दोन प्रकारचे होते, सुयांनी विणलेले आणि डॉक्टरांनी घातलेले. ३० वर्षांचा होईतो त्याच्या चेहऱ्यावर दुसऱ्या प्रकारचे सुमारे २०० टाके पडले होते असं सांगतात. नाक चार वेळा मोडलं होतं, दोन्ही गालांची हाडं मोडली होती. तेव्हाच्या गोलकीपरांत हे काही अघटित नव्हतं. अघटित होतं ते प्लांतनं पुढे जे केलं ते, आणि ते विणणाऱ्या माणसालाच सुचावं यात मला काही योगायोग दिसत नाही.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आणि हिरवं मैदान डोळ्यांपुढे येतं, म्हणून थोडं सांगायला हवं. आइस हॉकीत चेंडू नसतो, पक असतो. कडक रबराची ३ इंच व्यासाची, १ इंच जाडीची चकती; वजन साधारण १७० ग्रॅम. ती उसळू नये म्हणून खेळण्याआधी गोठवतात, म्हणजे दगडच. गोल ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच. आजचे जोरकस फटके ताशी १६० किलोमीटरच्या पुढे जातात. त्या काळचे थोडे हळू असतील, पण तेव्हा गोलकीपरच्या चेहऱ्यावर काहीच नसायचं. पायांना केस भरलेले चामड्याचे जाड पॅड, छातीला पॅड, हातात मोठाले मोजे आणि मानेच्या वर उघडा माणूस. गोल झाला की त्याच्या पाठीमागे लाल दिवा लागतो. प्लांत म्हणायचा, कामावर तुमची एक चूक झाली की डोक्यामागे लाल दिवा लागतो आणि हजारो लोक तुमची हुर्यो करतात, अशी नोकरी तुम्ही कराल का?

ही नोकरी त्यानं हौसेनं धरली नव्हती. १७ जानेवारी १९२९ चा त्याचा जन्म, क्विबेक प्रांतातल्या माँ-कारमेल गावाजवळच्या शेतावरचा. अकरा भावंडांत थोरला. कुटुंब पुढे शाविनिगन फॉल्स या कारखान्यांच्या गावात आलं. घरात लहानग्यांची रांग, हात आईचे दोनच. तेव्हा थोरल्यानं स्वयंपाक, शिवण आणि विणकाम शिकून घेतलं. थंडीत डोक्यावर घालायच्या लोकरी टोप्या तो स्वतः विणी आणि त्याच घालून गोलात उभा राही. पहिली गोलकीपरची स्टिक वडिलांनी झाडाच्या मुळापासून कोरून दिली. आणि दमा होता. बर्फावर फार वेळ धावला की श्वास लागायचा, म्हणून पोरांनी त्याला गोलात उभं केलं. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये धावता न येणाऱ्या मुलाला यष्टींमागे उभं करतात, तसंच.

बारा वर्षांचा असताना शाळेच्या संघाचा सराव बघायला गेला होता. प्रशिक्षक आणि गोलकीपर यांची जुंपली, गोलकीपरला बाहेर काढलं, आणि हा पुढे झाला, मी उभा राहू का? त्या दिवसापासून तो उभाच राहिला. थोड्याच वर्षांत तो गावातल्या कारखान्याच्या संघाकडूनही खेळू लागला. वडील म्हणाले, फुकट कशाला खेळतोस, पैसे माग. त्यानं मागितले. प्रशिक्षकानं सामन्याला ५० सेंट कबूल केले, पण बाकीच्यांना सांगायचं नाही या अटीवर. पैशाच्या बाबतीत प्लांत जन्मभर असाच राहिला. मोजून घेणारा, मोजून खर्च करणारा. संघातले लोक त्याला चिक्कू म्हणत. अकरा भावंडांच्या घरात वाढलेल्याला मी तरी तो शब्द लावणार नाही.

१९४७ मध्ये शाळा संपवून तो क्विबेक शहरातल्या सिटाडेल्स संघात गेला, आणि तिथे त्याला एक नवीच गोष्ट सुचली. त्याच्या पुढचे बचावपटू यथातथा होते. एकाला मागे स्केट करता येत नसे, एकाला एका बाजूला वळता येत नसे, बाकीचे संथ, असं तो नंतर हसत सांगायचा. मग गोलामागे गेलेला पक आणायचा कोणी? प्लांत स्वतःच गोल सोडून बाहेर जाऊ लागला. पक थांबवायचा, आपल्या माणसाकडे सरकवायचा आणि धावत परत. तोवर गोलकीपर म्हणजे चौकटीत बांधलेला माणूस, असाच समज होता. प्रेक्षकांचे श्वास अडकत, प्रशिक्षकांचा रक्तदाब वाढे. आज प्रत्येक गोलकीपर हेच करतो आणि कुणाला त्यात विशेष वाटत नाही. गोलात उभं राहून तो बचावपटूंना ओरडून सूचना द्यायचा, हात उंच करून खुणा करायचा. अख्खं मैदान एकट्या गोलकीपरलाच समोर दिसतं, मग त्यानं बोलायचं नाही तर कोणी, असं त्याचं म्हणणं.

नोव्हेंबर १९५२ मध्ये कॅनेडियन्सनं त्याला तीन सामन्यांसाठी बोलावलं. प्रशिक्षक डिक अर्विन यांनी पहिली आज्ञा केली ती टोपी काढण्याची. नॅशनल हॉकी लीगमध्ये लोकरी टोपी घालून कोणी खेळतं का! प्लांत वैतागला, पण खेळायचं होतं म्हणून टोपी उतरवली. त्या मोसमाच्या बाद फेरीत कॅनेडियन्स शिकागोविरुद्ध २-३ असे मागे पडले. नेहमीचा गोलकीपर जेरी मॅकनील ताणाखाली खचला होता. अर्विननी प्लांतला सांगितलं, उद्या तू. त्या दिवशी हात इतके थरथरत होते की त्याला स्केटच्या नाड्या बांधता येईनात. सामना कॅनेडियन्सनी ३-० जिंकला, मालिकाही जिंकली, आणि शेवटी लीगच्या विजेतेपदाचा स्टॅनले करंडकही.

१९५४ पासून गोल कायमचा त्याचा झाला. पुढचा काळ हॉकीच्या चाहत्यांना तोंडपाठ असतो, म्हणून त्यावरून भराभर पुढे जातो. १९५६ ते १९६० सलग पाच स्टॅनले करंडक. असं कोणत्याही दुसऱ्या संघाला आजवर जमलेलं नाही. मॉरिस रिशार, झाँ बेलिव्हो, डग हार्वी, बर्नी जॉफ्रियाँ अशी एकाहून एक माणसं. प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू दोन मिनिटं शिक्षेच्या बाकावर बसला की तेवढ्यात हे दोन-तीन गोल करायचे. शेवटी १९५६ मध्ये लीगनं नियमच बदलला. एक गोल झाला की शिक्षा संपली, खेळाडू परत. या पाचही वर्षी वेझिना करंडक प्लांतला मिळाला. सर्वांत कमी गोल होऊ देणाऱ्या संघाच्या गोलकीपरला तेव्हा तो मिळत असे. ज्याच्या नावाचा तो करंडक आहे, तो झॉर्झ वेझिना याच संघाचा गोलकीपर. १९२५ साली अंगात ताप असताना खेळायला उतरला, मैदानातून बाहेर न्यावं लागलं, आणि चार महिन्यांत क्षयानं गेला. गोलकीपरनं अंगावर काढायचं, ही रीत इतकी जुनी आहे.

आता त्या मुखवट्याकडे येऊ.

प्लांतच्या एका गालाचं हाड १९५४ मध्ये मोडलं, दुसऱ्या गालाचं १९५५ मध्ये; दोन्ही वेळा सरावात, आपल्याच सहकाऱ्यांच्या फटक्यांनी. त्यानंतर सरावापुरता तो प्लास्टिकचं झाकण लावू लागला. सामन्यात मात्र नाही. प्रशिक्षक टो ब्लेक यांना ते मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं अगदीच हट्टाचं होतं असं नाही. मुखवट्यामुळे पायाजवळचा पक दिसत नाही ही तक्रार खरीच होती. पण त्याखाली दुसरी समजूत होती, ज्याला भीती वाटत नाही तो गोलकीपर ढिला पडतो. चेहरा उघडा असला की माणूस जागा राहतो. आणि त्याच्याही खाली तिसरी, जी कुणी मोठ्यानं बोलत नसे: तोंड झाकतो तो भित्रा.

१९५८ च्या बाद फेरीत प्लांतच्या कपाळावर पक बसला तेव्हा प्रेक्षकांत बिल बर्चमोर नावाचा गृहस्थ होता. फायबरग्लास कॅनडा कंपनीत कामाला. त्याच्या डोक्यात आलं, फायबरग्लासचाच मुखवटा का बनू नये? त्यानं प्लांतला पत्र लिहिलं. मग मॉन्ट्रिअलच्या एका रुग्णालयात प्लांतच्या केसांवर बायकांचा पायमोजा चढवला, तोंडाला व्हॅसलीन फासलं, श्वासासाठी नाकपुड्यांत नळ्या खोचल्या आणि चेहऱ्यावर प्लास्टर ओतून साचा काढला. त्या साच्यावर फायबरग्लासचे थर राळेत भिजवून चढवले. तयार झालं ते कातडीच्या रंगाचं, सुमारे ४०० ग्रॅमचं कवच. डोळ्यांना दोन भोकं, तोंडाला एक फट. देखणं म्हणावं असं त्यात काहीही नव्हतं.

१ नोव्हेंबर १९५९. न्यूयॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. सामना सुरू होऊन तीन मिनिटं सहा सेकंद झाली होती. रेंजर्सच्या अँडी बाथगेटचा फटका प्लांतच्या नाकाजवळ बसला आणि बर्फ लाल झाला. आपण मुद्दामच तोंडावर मारला होता, असं बाथगेटनं पुढे बऱ्याच वर्षांनी सांगितलं; त्याआधी प्लांतनं त्याला पाडलं होतं, त्याची ती परतफेड. प्लांत टॉवेल तोंडाला लावून आपल्या पायांनी आत गेला. टाके पडले. खेळ वीसेक मिनिटं थांबला होता.

इथे एक तपशील महत्त्वाचा आहे. त्या काळी संघ प्रवासाला दुसरा गोलकीपर नेत नसत. यजमान संघ एखादा हौशी खेळाडू प्रेक्षकांत बसवून ठेवी, वेळ आली तर तोच कोणत्याही बाजूनं उभा राहायचा. हे ब्लेकना माहीत होतं, आणि ब्लेकना माहीत आहे हे प्लांतला माहीत होतं. तो म्हणाला, मुखवटा घालू देणार असाल तर जातो. नाही तर जात नाही. सामन्याला ५० सेंट मागणारा पोरगा मला इथे पुन्हा दिसतो. आपली गरज समोरच्याला कधी सर्वांत जास्त आहे, हे त्याला नेमकं कळायचं. ब्लेकनी जखम भरेपर्यंत अशी अट घालून मान डोलावली. प्लांत त्या विचित्र, पांढुरक्या चेहऱ्यानं बर्फावर आला आणि कॅनेडियन्स ३-१ नं जिंकले.

जखम भरली, मुखवटा उतरेना. कारण संघ हरेना. न हरण्याची ती मालिका १८ सामन्यांपर्यंत गेली. जिंकणाऱ्या गोलकीपरशी कोणता प्रशिक्षक भांडणार? ८ मार्च १९६० ला ब्लेकनी एकदाच विनंती केली, आज बिनमुखवट्याचा खेळून दाखव. प्लांत तयार झाला. डेट्रॉइटनं त्यांना ३-० नं हरवलं. पुढच्या सामन्यात मुखवटा परत आला आणि वादावर पडदा पडला. त्या वर्षीच्या बाद फेरीत कॅनेडियन्सनी आठच्या आठ सामने जिंकले.

मुखवटा घालणारा प्लांत पहिला नव्हता, हेही सांगायला हवं. १९३० मध्ये मॉन्ट्रिअलच्याच मरून्स संघाच्या क्लिंट बेनेडिक्टनं नाक मोडल्यावर काही सामने चामड्याचा मुखवटा वापरला होता. त्याआधी, १९२७ मध्ये, क्वीन्स विद्यापीठाची एलिझाबेथ ग्रॅहम तलवारबाजीची जाळी लावून गोलात उभी राहिली होती. पण बेनेडिक्टनं तो काढून टाकला आणि एलिझाबेथकडे कोणी पाहिलं नाही. प्लांतनं तो काढला नाही, फरक एवढाच आणि एवढा. तू भित्रा आहेस का, असं विचारणाऱ्यांना त्यानं उलटा प्रश्न केला, छत्रीशिवाय विमानातून उडी मारली तर मी शूर ठरेन का?

या प्रश्नावर आपणही हसण्याआधी थोडं थांबावं. १९६२ मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर बसला, कवटी फुटली, आणि फ्रँक वॉरेलबरोबर चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनी रक्त दिलं तेव्हा तो वाचला. कसोटीत हेल्मेट दिसायला तरीही १९७८ उजाडलं. आणि १९८३ मध्ये गयानात मार्शलचा चेंडू उघड्या डोक्यावर झेलून गावसकरनं नाबाद १४७ केल्या, ती गोष्ट आपण आजही छाती फुगवून सांगतो. मीही सांगतो.

बाकीच्या गोलकीपरांना पटायला वेळ लागला. सॉचकसारख्या थोर गोलकीपरनं, चेहऱ्यावर ४०० च्या वर टाके पडल्यानंतर, १९६२ मध्ये मुखवटा घेतला. ग्लेन हॉल उघड्या चेहऱ्यानं सलग ५०२ सामने खेळला आणि सामन्याआधी त्याला उलटी व्हायची. शूर माणसाचं पोट काय म्हणत होतं ते यावरून कळावं.

एवढा भरभक्कम संघ पुढे असल्यावर गोलात कोणीही उभा राहील, असं प्लांतबद्दल बोललं जाई. १९६१ मध्ये डग हार्वी संघ सोडून गेला. लीगमधला सर्वांत मोठा बचावपटू समोर नसताना १९६१-६२ च्या मोसमात प्लांत सत्तरच्या सत्तर सामने खेळला, ४२ जिंकून दिले, सहावा वेझिना घेतला आणि सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट करंडकही. त्यानंतर गोलकीपरला हार्ट मिळायला १९९७ उजाडलं. तो डॉमिनिक हाशेक.

तरी ब्लेक आणि तो यांचं कधी जुळलं नाही. दम्यामुळे टोरांटोत तो संघापासून वेगळ्या हॉटेलात उतरे, गुडघा दुखतो म्हणे, आणि ब्लेकना ही सगळी थेरं वाटत. काही शहरांतल्या गोलांचा आडवा दांडा खाली आहे, मला पाठीला जाणवतं, असंही तो एकदा म्हणाला. लोक हसले. मोजपट्टी लावली तर गोलांच्या मापांत खरंच फरक निघाला. असा माणूस बरोबर निघतो तेव्हा जास्तच डोक्यात जातो. जून १९६३ मध्ये त्याला न्यूयॉर्क रेंजर्सकडे पाठवून दिलं. दुबळा संघ, गोलांचा पाऊस, मग खालच्या लीगमध्ये रवानगी. १९६५ मध्ये तो निवृत्त झाला आणि मोल्सन या बिअर कंपनीत विक्रीचं काम करू लागला. गोष्ट इथे संपायला हवी होती.

१९६८ मध्ये सेंट लुईस ब्लूज या नव्या संघानं त्याला बोलावलं. जोडीदार कोण, तर तोच ग्लेन हॉल, ज्यानं अखेर त्या मोसमात मुखवटा चढवला. चाळिशीचा प्लांत आणि सदतीस वर्षांचा हॉल या दोन म्हाताऱ्यांनी मिळून १९६९ चा वेझिना जिंकला. प्लांतचा हा सातवा. पुढच्या वर्षी अंतिम फेरीच्या पहिल्याच सामन्यात बोस्टनचा एक फटका फिल एस्पोझितोच्या स्टिकला लागून उसळला आणि थेट त्याच्या कपाळावर बसला. मुखवटा फुटला, प्लांत बेशुद्ध पडला. शुद्धीवर आल्यावर रुग्णालयातून त्यानं सांगितलं, हा नसता तर मी गेलो असतो. त्यानंतर या प्रश्नावर कुणी वाद घातल्याचं मला कुठे आढळलं नाही.

१९७०-७१ मध्ये टोरांटोकडून खेळताना त्याची गोल देण्याची सरासरी सामन्याला १.८८ होती, अख्ख्या लीगमध्ये सर्वांत कमी. वय ४२. त्याच मोसमात बर्नी पॅरेंट नावाचा तरुण गोलकीपर तिथे आला आणि प्लांतनं त्याला आपलं सगळं शिकवलं. कोणता पाय आधी सरकवायचा, फटका येण्याआधी मारणाऱ्याच्या शरीरात काय वाचायचं, गोल सोडून किती पुढे यायचं. त्या विद्यार्थ्यानं फिलाडेल्फियाला १९७४ आणि १९७५ चे स्टॅनले करंडक मिळवून दिले. गोलकीपिंगवर प्लांतनं १९७२ मध्ये पुस्तकही लिहिलं. तोवर ही विद्या ज्यानं त्यानं टाके खात शिकायची असे. ती शिकवता येते, हेच तेव्हा नवं होतं.

त्याच १९७२ च्या सप्टेंबरात कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांची गाजलेली मालिका होती. पहिला सामना मॉन्ट्रिअलला. कॅनडात सगळ्यांना खात्री, रशियनांचा धुव्वा उडणार. सामन्याआधी प्लांत दुभाष्या घेऊन चक्क सोव्हिएत संघाच्या खोलीत गेला. गोलकीपर व्लादिस्लाव त्रेत्याक २० वर्षांचा. मॅहोवलिच कसा मारतो, कुर्नोये कुठून येतो, एस्पोझितो गोलासमोर काय करतो, हे प्लांतनं त्याला आकृत्या काढून समजावलं. पोराची फार शोभा होऊ नये, अशी बहुधा त्याची कणव. सोव्हिएत संघ ७-३ नं जिंकला. त्रेत्याकनं ही हकिगत पुढे आपल्या आठवणींत कृतज्ञतेनं सांगितली. यात देशद्रोह शोधणारे कॅनडात निघाले असतील तर नवल नाही. मला त्यात दिसते ती गोलकीपरांची बिरादरी. लाल दिव्याखाली उभ्या राहणाऱ्याचं दुखणं कोणत्या देशाचं, हे त्याला सुचलंच नसावं.

चेहरा उघडा ठेवून नॅशनल हॉकी लीगमध्ये खेळलेला शेवटचा गोलकीपर पिट्सबर्गचा अँडी ब्राऊन. वर्ष १९७४. न्यूयॉर्कमधल्या त्या रात्रीपासून जेमतेम पंधरा वर्षं.

प्लांत ४६ व्या वर्षापर्यंत खेळत होता, शेवटी एडमंटनकडून. १९७५ मध्ये धाकटा मुलगा गेला आणि त्यानं खेळ सोडला. नंतर तो स्वित्झर्लंडला राहायला गेला, अधूनमधून येऊन गोलकीपरांना शिकवत राहिला. १९७८ मध्ये त्याला हॉकी हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. कॅनेडियन्सना त्याचा १ क्रमांक निवृत्त करायला १९९५ उजाडावं लागलं, तोवर त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

२७ फेब्रुवारी १९८६ ला तो जिनिव्हात पोटाच्या कर्करोगानं गेला. वय ५७. दफन सिएर या गावी. क्विबेकमधल्या लहान मुलांचा एक हॉकी संघ तेव्हा स्पर्धेसाठी स्वित्झर्लंडला आला होता. चर्चमधून शवपेटी बाहेर आणली तेव्हा त्या मुलांनी आपल्या स्टिका दोन्ही बाजूंनी उंच धरून कमान केली होती. प्लांतला त्या कमानीखालून नेलं.